चाकवाल्या काकांचं काय करू?

कृत्तिका, कर्वेनगर

प्रश्न जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमचा आकाशदर्शनाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. सुरुवातीला आम्ही चौदा जण होतो. अमावास्येच्या आसपासचा शनिवार धरून वेल्ह्याच्या पुढे एका ओळखीच्यांच्या शेतावर दुर्बिणी घेऊन जायचो. पेट्रोल आणि पिठलं-भाकरीचा हिशेब माझ्याकडे असायचा, म्हणून ग्रुपची अ‍ॅडमिनही मीच झाले. आज १८६ जण आहेत आणि त्यातले निम्मे कोण हे मला ठाऊक नाही.

त्या पहिल्या चौदांतले एक काका. वय ७१. पिंपरीकडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी झाली. हाताला अशी सफाई की विचारू नका. आमच्या आठ इंची दुर्बिणीची बैठक त्यांनी केली आहे. प्लायवूड, त्याला सनमायका, खाली टेफ्लॉनचे तीन तुकडे. करंगळीने ढकललं की शनी अलगद मध्यावर येतो, धक्का नाही, थरथर नाही. माझ्या मुलाला कानस कशी धरायची ते त्यांनीच शिकवलं. त्याच्या बापाला अजून येत नाही.

हे काका गेल्या वर्षीच्या आषाढापासून चाकाच्या नादी लागलेत. भंगारातून पॉवर प्रेसचं दोन फुटी, साठ किलोचं चाक आणलं. एक एचपीची मोटर ते फिरवते, चाकावरून पट्टा अल्टरनेटरला आणि अल्टरनेटरवर दहा ट्यूबलाइट. मोटरच्या बाजूला घरच्यासारखा वॉट दाखवणारा मीटर आहे. ट्यूबच्या बाजूला काका वायरीला चिमट्यासारखा एक मीटर लावतात, तो ४.३ अँपिअर दाखवतो. गुणिले २३०. रोज सकाळी साडेसहाला वहीच्या पानाचा फोटो येतो, अक्षर मोत्यासारखं: आत ९००, बाहेर ९८९, नफा ८९.

मी जीएसटीची विवरणपत्रं भरणारी बाई. एखाद्या दुकानदाराच्या वहीत माल आला ९०० किलो आणि विकला ९८९ किलो असं दिसलं, तर मी हात जोडत नाही, पावत्या मागते. पण इथे कुठली पावती मागायची तेच मला कळत नाही.

ग्रुपमधल्या इंजिनिअर मंडळींनी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सांगून पाहिला. काकांचं उत्तर, "नियम लिहिणाऱ्याने चाक फिरवलं होतं का?" मग भास्कराचार्यांचं पाऱ्याचं चक्र आलं. मग पेटंटसाठी अर्ज केल्याची पावती आली. मग एक व्हिडिओ, ज्यात काका मोटरची पिन काढतात आणि ट्यूब पुढे अठरा सेकंद जळत राहतात. एका पोराने हसणारे चेहरे टाकले, त्यावर काकांचा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज. ७ सप्टेंबरच्या खग्रास चंद्रग्रहणाच्या रात्री एका नव्या मुलीने तीनदा विचारलं, ग्रासायला कधी सुरुवात होणार? ९ वाजून ५७ मिनिटांनी, असं मी लिहिलंही, पण ते चाकाच्या चाळीस मेसेजांखाली गाडलं गेलं. ती ग्रुप सोडून गेली.

इथवर मी सोसलं. गेल्या आठवड्यात शिरूर तालुक्यातल्या एका सभासदाने विचारलं, "काका, शेतावर पाच एचपीला असं चाक बसवायला केवढ्याला पडेल? आमच्याकडे रात्रीची लाइट असते आणि पाणी धरायला जावं तर बिबट्या." काका म्हणाले, ८५ हजार. फक्त सामानाचे, मजुरी नको.

आणि हेच अवघड आहे. काका लबाड असते तर मी त्याच मिनिटाला काढलं असतं. ते मजुरीही घेणार नाहीत. तो माणूस पैसे घालेल, काका जीव तोडून चाक बसवतील आणि मोटर चालणार नाही.

काढून टाकू? गप्प बसवू? तुम्ही असल्या वेळी काय केलंत?

सदाशिवपेठी

बाई, ग्रुप चालवताय की पाळणाघर? काढा आणि मोकळ्या व्हा. दारावर पाटी लावा, "येथे विश्वाची रहस्ये उलगडून मिळत नाहीत. दुपारी १ ते ४ तर मुळीच नाहीत."

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक जण तांब्याची तार गच्चीवर पुरून मोबाइल टॉवरच्या लहरी शोषतो. दोन वर्षं समजावलं. आता तार अख्ख्या बिल्डिंगला आहे आणि वर्गणी मी भरतो.

मुक्तविचार

वा! विज्ञानाचे ठेकेदार जमलेच. गॅलिलिओलाही असंच गप्प केलं होतं. आपल्या शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी. ते कुणी मानतं का? काकांना माझा पाठिंबा कळवा.

नववी_ब

कृत्तिका, उत्तर देते, पण आधी मुक्तविचार यांच्याशी दोन शब्द. मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, मागच्या बाकावरून येणाऱ्या शेऱ्याला आधी उत्तर द्यायची सवय लागली आहे.

गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूचे चंद्र पाहिले आणि कुठल्या रात्री कुठे दिसले त्याच्या आकृत्या छापून टाकल्या. ज्याच्याकडे बरी दुर्बीण होती त्याला ते दिसले. एवढंच काकांकडून हवंय, दुसऱ्याच्या मीटरवरही तेच दिसू दे. तळपद्यांच्या उड्डाणाचा त्या काळातला भरवशाचा पुरावा कुणी पुढे आणलेला नाही. त्यांच्या नावाशी जे वैमानिक शास्त्र जोडतात, ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ साली तपासलं. त्यातली यानं उडू शकत नाहीत, आणि तो ग्रंथ १९०४ च्या मागे नेता येत नाही. म्हणजे विमान १८९५ चं आणि त्याचं पुस्तक त्यानंतरचं. दहावीच्या पोराने असा सनावळीचा घोळ घातला असता तर मी अर्धा गुण कापला असता.

पण प्रवाहाच्या उलट पोहणारा प्रत्येक जण चक्रम, असंही मी म्हणणार नाही. पुण्यात राहून तर नाहीच. जयंत नारळीकरांना विश्व महास्फोटातून जन्मलं हे आयुष्यभर पटलं नाही. फ्रेड हॉईल यांच्याबरोबर ते स्थिर स्थितीच्या, म्हणजे आरंभच नसलेल्या, विश्वाची बाजू मांडत राहिले. १९६५ मध्ये पार्श्वप्रारणाचा, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या प्रारणाचा, शोध जाहीर झाल्यावर बहुतेकांनी ती बाजू सोडली, तरी १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी तिची नवी मांडणी केली. कुठे केली? शोधपत्रिकेत, गणितासकट, ज्याला खोडायचं त्याने खुशाल खोडावं अशी. आणि त्यांनीच पुण्यात उभ्या केलेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत पद्मनाभन, तरुण सौरदीप ही मंडळी महास्फोटाच्याच चौकटीत काम करत होती. मत वेगळं असणं आणि समोरच्याला बोलू न देणं यांत फरक आहे तो असा.

आता काकांचं. भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीत पाऱ्याने अर्ध्या भरलेल्या पोकळ आऱ्यांचं चक्र वर्णिलंय, खरं आहे. ग्रंथ ११५० चा. पावणेनऊशे वर्षांत ते आपोआप फिरताना कुणी दाखवलेलं नाही. पेटंटच्या अर्जाची पावती म्हणजे अर्ज पोचल्याची पावती, एवढंच. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ३(अ) वाचा, प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दावा असेल तर तो शोधच धरत नाहीत.

अठरा सेकंदांची गंमत तर सोपी आहे. दोन फुटी भरीव चाक, साठ किलो, मिनिटाला १४४० फेरे धरले तर त्यात सुमारे ३० हजार ज्यूल साठतात. पाचशे वॉटचा भार त्यावर फार तर मिनिटभर चालेल, घर्षण धरलं तर त्याच्याही आत विझेल. काकांनी मोटर लावून ती साठवण आधी भरली आणि मग पिन काढली. टाकीत पाणी भरून नळाला फुकट पाणी येतं म्हणण्यासारखं झालं.

पण हे सगळं काकांना सांगून उपयोग नाही, हे तुम्हाला कळलंच आहे. तर एक करून पाहा. २००८ साली नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी इथे पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या कुंडल्या घेतल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस पाठवायच्या, त्याने कुठली कुणाची ते सांगायचं. ५१ जण पुढे आले, उत्तरं २७ जणांनी पाठवली, बरोबर आलं सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आलं असतं. मला त्यातलं आवडतं ते निकालाआधीचं. काय मोजायचं आणि किती आलं म्हणजे कोण बरोबर, हे आधी जाहीर करून ठेवलं होतं. काकांकडूनही आधी लिहून घ्या, अमुक आकडा आला तर मी चुकलो असं मानीन. ते लिहायला तयार झाले तर अर्धं काम झालं. नसतील तर तुम्हाला उत्तर मिळालं.

आणि ग्रुपवर नियम चाकाविरुद्ध करू नका. विषयाबाहेर काहीही नको आणि सभासदांना काहीही विकायचं नाही, असा सरसकट करा. मग तो तांब्याच्या तारेलाही लागू होतो.

भोसरीकर

ताई, मी मोटर रिवाइंडिंगचं काम करतो. वरच्या बाईंनी लिहिलंय ते बरोबरच असणार, पण मला सांगा, त्या ट्यूब कसल्या? आताच्या एलईडी की जुन्या, चोकवाल्या? फोटो असेल तर टाका.

कृत्तिका, कर्वेनगर

जुन्या. पट्टीत लोखंडी डबीसारखं काहीतरी जड आहे. काकांच्या कारखान्यातून काढून टाकलेल्या आहेत.

भोसरीकर

झालं. सापडली तुमची पावती.

तो चिमट्यासारखा मीटर म्हणजे टाँग टेस्टर. तो फक्त अँपिअर बघतो. काका त्याला व्होल्टने गुणतात आणि वॉट म्हणतात. बल्बला चालेल, चोकला नाही चालत. तांब्याच्या चोकचा पीएफ, म्हणजे पॉवर फॅक्टर, व्होल्ट गुणिले अँपिअरमधला खऱ्या वॉटचा वाटा, निम्मा असतो. चाळीसची ट्यूब चोकसकट पन्नासेक वॉट खाते, पण करंट ओढते ०.४३. दहा ट्यूबचा ४.३. काकांना दिसले ९८९, खरे असतील पाचशेच्या आसपास. चोक काय करतो, वीज घेतो आणि त्यातली बरीच परत सोडतो, सेकंदाला शंभर वेळा. टाँग टेस्टर गेलेली पण मोजतो, आलेली पण मोजतो. तुमच्या भाषेत, परत आलेला माल विक्रीत धरलाय.

मोटरच्या बाजूचा मीटर खरे वॉट दाखवतो, तो बरोबर आहे. म्हणून एकीकडे ९०० आणि दुसरीकडे ९८९. काका खोटं बोलत नाहीयेत. आमच्या धंद्यात नवीन पोरगं हमखास हेच करतं.

ट्यूब काढा आणि शंभरचे पिवळे बल्ब लावा. बल्बला चोक नाही, गुणाकार करा तेच वॉट. एकदम दहा लावू नका, एकेक वाढवा, मोटर ओव्हरलोड जाईल. चाकाला जाळी नसेल तर त्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, हे कृपा करून ऐका. आणि काकांना विचारा, स्टार्टिंग कपॅसिटर किती फुगले? एवढं चाक एक एचपीने उचलायचं म्हणजे कपॅसिटर मरतोच.

शिरूरच्या भावाला सांगा, 'मागेल त्याला सौर कृषी पंप'मध्ये अर्ज टाक. दहा टक्के हिस्सा भरायचा, अनुसूचित जाती-जमातीला पाच टक्के. दिवसा पाणी. बिबट्याचं कामच नाही.

एकतृतीयांश

मी इथे फक्त वाचतो, लिहीत नाही. पण ही चर्चा वाचून झोप येईना.

मी तुमचे काका होतो. चाकाऐवजी कोन. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, मुलगी लग्न होऊन गेली, घरात दुपारी फक्त पंख्याचा आवाज. तेव्हा कंपास आणि पट्टीने कोणत्याही कोनाचे तीन सारखे भाग करायची रीत मला सापडली. शक्य नाही हे १८३७ मध्ये वांत्झेल या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केलंय, आणि त्याआधी १७७५ मध्येच पॅरिसच्या विज्ञान अकादमीने असले कागद आणि अखंड चालणारी यंत्रं तपासणार नाही म्हणून जाहीर केलं होतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं. मी म्हणायचो, वांत्झेलला माझी रीत माहीत नव्हती.

दोन वर्षांत मी सव्वाशे पत्रं पाठवली. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. काहींनी सिद्धता पाठवली, मला ती समजली नाही, म्हणून मी ती चूक ठरवली. एका ठिकाणी मी समक्ष गेलो, तर आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. त्यानंतर मी आणखी चाळीस पत्रं पाठवली. हे लक्षात घ्या.

मग एका निवृत्त प्राध्यापकांचं पोस्टकार्ड आलं. रीत चूक आहे असं त्यात कुठेच नव्हतं. मजकूर एवढाच, "तुमची रीत ६० अंशांना लावा. काढून बघू नका, त्रिकोणमितीने हिशेब करा. किती दशांशांपर्यंत २० येतात ते कळवा."

शाळकरी पोरं काय करतात, कोनासमोरची जीवा तीन सारख्या भागांत कापतात. तसं केलं तर ६० च्या कोनात मधला भाग २१.८ अंशांचा येतो, चूक डोळ्यांना दिसते. माझी रीत त्याहून कितीतरी बरी होती, आणि घात तिथेच झाला. हिशेबाने आले २०.०३. दहा सेंटिमीटर त्रिज्येवर ही चूक म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. माझ्या पेन्सिलीची रेघच अर्ध्या मिलिमीटरची होती. दोन वर्षं चूक रेघेच्या आत लपून बसली होती आणि मी रोज टोक करत होतो.

चार दिवस मी कुणाशी बोललो नाही. मग त्या सरांना लिहिलं, २०.०३. त्यांचं दुसरं कार्ड आलं, "इतकी जवळची रीत स्वतः शोधणं सोपं नाही. आता ती नेमकी किती चुकते याचं सूत्र काढा." ते काढायला मला सहा महिने लागले. त्यात मी जेवढं गणित शिकलो तेवढं कॉलेजातही शिकलो नव्हतो.

सदाशिवपेठी म्हणतात तसं काढून टाकलंत तर काका दुसऱ्या ग्रुपात जातील. तिथे मुक्तविचार असतील.

मुक्तविचार

वैयक्तिक टीका नको.

सदाशिवपेठी

एकतृतीयांश, पोस्टकार्ड जपून ठेवलंय का?

एकतृतीयांश

दोन्ही. पाकिटात.

कृत्तिका, कर्वेनगर

कालचा रविवार सांगते, कारण इथल्या तिघांचा त्यात हात आहे.

शनिवारी तपकीर गल्लीत बल्ब शोधत फिरले. शंभरचे पिवळे बल्ब आता मिळणं मुश्कील. तिसऱ्या दुकानात सापडले. दुकानदाराने डोळे बारीक करून विचारलं, "मॅडम, पिल्लं उबवायचीत का?" दहा घेतले. पावती घेतली, अर्थातच.

भोसरीकर स्वतः आले, बुलेटवर, पिशवीत त्यांचा टाँग टेस्टर. काकांची शेड वारज्यात आहे. मला वाटलं होतं काका चिडतील. पण दोघं भेटल्या-भेटल्या मोटरचं टर्मिनल बॉक्स उघडून बसले आणि मला विसरले. कपॅसिटर किती बदलले, तर सात. भोसरीकर म्हणाले, "पाच धरले होते मी." काका खूश झाले.

नववी_ब बाईंचं ऐकून मी एक कागद नेला होता. काकांनी तो वाचला आणि माझ्या हातातलं पेन घेऊन स्वतःच लिहिलं, "बल्ब लावून बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा कमी आला तर ट्यूबचं माप चूक." ट्यूबचं माप. चाक नाही. मी काही बोलले नाही. भोसरीकरांनी जाळीऐवजी तात्पुरतं एक जुनं कपाटाचं दार चाकासमोर उभं केलं आणि आम्हाला बाजूला घेतलं.

दोन बल्ब लावले, लख्ख. तीन, चार, ठीक. पाचवा लावला आणि मोटरचा मीटर ९०० वर आला. बरोबर तेवढाच, जेवढा दहा ट्यूबना यायचा. भोसरीकरांनी टाँग टेस्टर काकांच्या हातात दिला, स्वतः लावला नाही. २.१ अँपिअर. व्होल्ट २२५. काकांनी तोंडीच गुणाकार केला आणि मग कागदावर पुन्हा केला. ४७२.

"अजून लावू?" मी विचारलं. काका म्हणाले, लाव. सहाव्याला उजेड पिवळट झाला. आठव्याला नारिंगी, आतली तार दिसायला लागली, चाकाचा सूर उतरला आणि पट्टा किंचाळला. काकांनी स्वतः जाऊन स्विच बंद केला. चाक थांबायला बराच वेळ लागला, तेवढा वेळ कुणीच बोललं नाही.

मग वही उघडली. त्याच अक्षरात: आत ९००, बाहेर ४७२. नफ्याचा रकाना कोरा ठेवला. थोड्या वेळाने म्हणाले, "पट्ट्यात जातंय. पट्टा काढून डायरेक्ट कपलिंग करायला पाहिजे."

भोसरीकर म्हणाले, "करा की. पण चारशे वॉट पट्ट्यात गेले असते तर पट्टा करपला असता. हात लावून बघा." काकांनी पट्ट्याला हात लावला. मग मोटरला. मोटरवरचा हात झटकन मागे घेतला. अल्टरनेटरच्या अंगावरही हात ठेवून बघितला आणि बराच वेळ ठेवला.

शिरूरला काकांनीच फोन केला, माझ्यासमोर. "अजून थांब रे, माप चुकलंय." सौर पंपाचं मी नंतर वेगळं कळवलं.

ग्रुपवर दोन नियम टाकले, विषयाबाहेर नको आणि विक्री नको. काका पहिले, ज्यांनी अंगठा दाखवला. ग्रहणाच्या रात्री सोडून गेलेल्या त्या मुलीला मी पुन्हा निरोप धाडलाय, अजून उत्तर नाही. चाकासाठी आम्ही चौघांचा वेगळा ग्रुप केलाय, काका, भोसरीकर, माझा मुलगा आणि मी. आज सकाळी साडेसहाला तिथे वहीचा फोटो आला: "कपलिंग, प्रयोग १. पाच बल्ब." खाली मुलाने विचारलंय, "आजोबा, पीएफ म्हणजे काय?" त्यावर काकांचा नऊ मिनिटांचा व्हॉइस मेसेज आहे. मी अजून ऐकलेला नाही, त्याने दोनदा ऐकला.